आशाबाईचा हापसा

सेनगावाकडच्या त्या गावात हापसे तीन, पण नाव असलेला एकच, आशाबाईचा. दुष्काळाच्या साली ही बाई रिकामी घागर घेऊन तहसीलच्या दारात जी बसली, ती तिसऱ्या दिवशी बोअरचं मशीन गावाकडं निघाल्यावरच उठली. हट्टाला पेटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक. आणि पाणी लागलं तेही कसं, नितळ, गोड! तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत लोणी व्हायची. आपल्याकडं पाण्याची परीक्षा हीच. डाळ शिजली की पाणी पास.

अकरा वर्षं ते पास होत राहिलं. गेल्या साली पाणीपुरवठा खात्यानं गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यात आशाबाई सगळ्यात पुढं. आपल्या हापशाची बाटली तिनं मोठ्या तोऱ्यात हिंगोलीच्या प्रयोगशाळेत नेऊन दिली. कागद आणायला गेली तर त्यात लिहिलेलं, पाण्यात शिसं, प्रमाणाबाहेर. तिथल्या साहेबांनी समजावून सांगितलं, की शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही, उकळूनही ते जात नाही, आणि सगळ्यात जास्त घात करतं ते लहान लेकरांच्या मेंदूचा अन् पोटातल्या बाळाचा. आशाबाईची सून प्रियंका सहाव्या महिन्यात होती. बाईच्या पायाखालची जमीनच सरकली.

पण रडत बसली तर ती आशाबाई कसली? पाणी वाईट निघालं की हापसा लाल रंगवायचा, एवढं तिला शिकवलेलं होतं. येताना सेनगावहून ऑइलपेंटचा डबा आणला अन् तोटीपासून दांड्यापर्यंत हापसा तिनं स्वतःच्या हातानं लाल केला. 'पाणी पिऊ नका' अशी पाटी लिहायची अन् सगळ्यांना सांगायचं तेवढं अंधार पडल्यानं सकाळवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. ती पाण्याला मळ्यातल्या विहिरीवर गेली. साऱ्या गावात तपासणीत चांगली तेवढीच निघाली होती, फक्त अर्धा कोस लांब. परत येऊन बघते तर काय! हापशाला हळदकुंकू, पुढं फोडलेला नारळ, उदबत्तीचा धूर. लाल दिसलं की आपले हात आधी जुळतात, डोकं मागून चालतं. गावातले म्हातारे व्यंकटराव यांनी तर देवी प्रगटल्याचं जाहीरच करून टाकलं होतं. शेजारच्या वस्तीवरची माणसं बाटल्या भरून नेत होती. आणि प्रियंकाची ओटी भरून बायका तिला ओंजळीनं तीर्थ पाजत होत्या.

आशाबाईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली, सुनेची ओंजळ झटकली अन् घरातून पाना आणला.

व्यंकटराव आडवे आले. "आशाबाई, देवीला काहून हात लावून राहिल्या तुमी?"

"देवी न्हाई, यो माझा हापसा हाय," ती म्हणाली. "म्याच आणला, अकरा वर्षं तुमाला म्याच पाजलं. आता दांडा बी म्याच काढणार."

मग तिनं साहेबांचं सगळं बोलणं एक शब्द न गाळता सांगितलं. कुणी म्हणालं, इतक्या वर्षांत मेलं कोण? कुणी म्हणालं, कागदावर काय, काही बी लिहितात. तेवढ्यात पद्माबाई पुढं आली. तिनं हाताला धरलेली पोरगी सात वर्षांची, अजून दोन शब्द सरळ जोडून बोलत नव्हती. मामावर गेली, उशिरा बोलंल, असंच आजवर सगळे म्हणायचे.

"मावशी," पद्माबाईनं हळूच विचारलं, "माझ्या पोरीचं, याच्यामुळंच का?"

नाही म्हणून टाकलं असतं तर दोघीही सुटल्या असत्या.

"ठावं न्हाई, पोरी. व्हय बी असंल. तिचं रक्त तपासू, मी संगं येते."

पद्माबाईनं पोरीचा हात सोडला अन् पान्याच्या दांडीवर आशाबाईच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"लावा जोर, मावशी."