दुखणं हाताचं, फोटो मानेचा

माझी रंगुमावशी पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून दर हंगामाला गोरक्षनाथ काकांबरोबर कोपरगावकडं ऊसतोडीला जायची. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून अशी चढायची, की खालचे गडी काम सोडून बघत राहत.

गेल्या हंगामात तिचे हात तिचं ऐकेनासे झाले. भाकरी थापता येईना, ब्लाऊजचे हूक लागेनात. चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि हिला पत्ताच नसायचा. काकांनी हातांना तेल चोळलं, शेजारणींनी बिब्बे घातले. गुण शून्य. एकदा ती मला म्हणाली, "सविता, उद्या घास बी दुसऱ्यानंच भरवायचा का गं मला?" दुसऱ्याच दिवशी दोघांना घेऊन मी नगर गाठलं.

डॉक्टरीणबाई पंकजांनी तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तसा पाय ताडकन, नको तेवढा उडाला. त्यांनी मानेचा एमआरआय लिहून दिला. झालं! बाहेर येताच काका उसळले.

"दुखनं हाताचं अन् फोटो मानेचा?"

"हातावर बिब्बे घालून झालेत ना काका? काय उजेड पडला?" मीही काही कमी नाही.

त्या मशीनच्या धडधडीला माणसं घाबरतात म्हणे. आमची बाई कारखान्याच्या कडेला खोपीत हंगाम काढणारी. आत गाढ झोपली. बाहेर काढल्यावर म्हणते, "झालं व्हय? लई दिसांनी निवांत पडले बया."

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मणक्यांमधून उतरणारा करडा मज्जारज्जू, भोवती पांढरं पाणी. मानेत एका जागी पाणी गायब, आणि रज्जू चिमटीत धरल्यासारखा चेपलेला. हातापायांकडे जाणारे हुकूम तिथंच अडत होते. "लवकर ऑपरेशन करू. आहे ते वाचवायचं. गेलेलं किती परत येईल, हे आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

काका पडद्याकडे बघतच राहिले. "म्हंजी हात बिचारे बिनकसूर हुते," ते म्हणाले, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर मोळी कायमची बंद झाली. महिनोन्‌महिने मावशी सकाळ-संध्याकाळ चेंडू दाबत बसायची. परवा तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी दोन बोटं पुढं केली. "दाबा बघू, सगळा जोर लावून."

मावशीनं दाबली.

"आई गं! सोडा, मावशी, सोडा!"

"तुमीच म्हनला न्हवं, सगळा जोर लावा?" मावशी म्हणाली, आणि बोटं काही लगेच सोडली नाहीत.