स्वेच्छेने थांबत आहे

विमानतळावर मी नेमकं काय करायचो, हे माझ्या सासुरवाडीत आजही कुणाला धड सांगता येत नाही. विमान चालवतो का? नाही. तिकिटं तपासतो का? नाही. मग पगार कशाचा घेतो? मी डिस्पॅचर होतो. उड्डाणाआधी हवामान बघायचं, कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवायचं, उतरायच्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरा विमानतळ कोणता आणि तिथवर जायला इंधन किती लागेल याचा हिशेब करायचा, तो कागद वैमानिकापुढे ठेवायचा आणि त्याच्या सहीशेजारी आपली सही करायची. मोठ्या कंपन्यांचं हे काम मोठ्या शहरातून चालतं. आमची कंपनी लहान होती. ती आता बंदही पडली. नांदेडहून मुंबईला तिची सकाळी एक आणि संध्याकाळी एक फेरी होती, आणि हे काम नांदेडातल्याच एका खोलीत चालायचं.

त्या खोलीत पाच माणसं मंजूर होती. मी आलो तेव्हा चार होती. एक हैदराबादला गेला, एकानं लग्नानंतर पुणं धरलं, आणि उरलो आम्ही दोघं, मी आणि मॅडम. मॅडम मूळच्या कंधारच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारे, घरात पहिली शिकलेली ही. सकाळी खोलीत आल्या की "जय भीम, सर" म्हणून थेट संगणकापुढं बसायच्या. कामात माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. हे मी तेव्हाही मनातल्या मनात मान्य करायचो, तोंडानं कधी केलं नाही.

ड्युटीचा तक्ता मी लावायचो. दोन माणसांत पाच माणसांचा तक्ता लावणं म्हणजे आखूड चादर ओढणं, डोकं झाकलं की पाय उघडे. मुख्य कार्यालयाला विचारलं की "माणसं येऊन राहिली" एवढंच उत्तर यायचं, दोन वर्षं तेच. जादा ड्युटी सक्तीची होती, पण तसं कागदावर यायला नको होतं. म्हणून एक रजिस्टर होतं. थांबणाऱ्यानं त्यात स्वतःच्या हातानं लिहायचं, "मी स्वेच्छेने थांबत आहे," आणि खाली सही करायची. ते वाक्य माझंच. मीच पहिल्यांदा सांगितलं आणि मग सगळे तसंच लिहू लागले.

कुणी कुरकुर केली की माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती. माझे वडील लातूरला टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. भूकंप झाला तेव्हा तीन दिवस घरी आले नाहीत, बोर्डापुढंच बसून राहिले. किल्लारीकडची खबर कितीतरी घरांना त्यांच्या हातून गेली. हे मी इतक्यांदा सांगितलं की मॅडम पुढचं वाक्य माझ्याआधी ओठांवर आणायच्या. त्या तीन दिवसांत आई, मी आणि धाकटी बहीण मैदानात एका पालाखाली होतो, बहीण तापानं फणफणली होती आणि आई सारखी रस्त्याकडे बघत होती, हे मात्र मी कुणाला सांगत नव्हतो. वडिलांचा मला त्या वेळी भयंकर राग आला होता. तोच माणूस पुढे मी दुसऱ्यांच्या अंगावर घालत होतो, याची आज लाज वाटते.

तो शुक्रवार होता. दहावीचे निकाल लागून गेले होते. माझ्या मुलीला लातूरच्या क्लासला घालायचं ठरलं होतं. तेव्हा आमच्याकडे चांगले मार्क म्हणजे लातूर, यावर घराघरांत एकमत होतं. शनिवारी पालकानं स्वतः यावं, असा क्लासचा निरोप होता. आणि शनिवारची दुपारची ड्युटी माझी होती.

मॅडमची मुलगी तिथंच बारावीला होती, क्लासजवळच्या होस्टेलात. मी तक्त्यावर पेन्सिल फिरवत असताना त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, उद्या साडेबाराला सुटले की मी एकच्या गाडीनं लातूरला जाणार हाय. पोरगी दोन दिवसांपासून जेवून न्हाई राहिली. फोनवर नुसती रडून राहिली. भेटायची वेळ शनिवारीच असते, चार ते सहा."

मी म्हणालो, "मॅडम, उद्या मीच लातूरला चाललोय."

मी लगेच वडिलांची गोष्ट काढली नाही, एवढी शरम शिल्लक होती. पण संध्याकाळच्या फेरीला कुणीच नाही, फेरी रद्द झाली तर वरून काय येईल, हे सगळं मी ऐकवलं. माझं काम पुढच्या आठवड्यावर ढकलता येईल का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही ते बोललो नाही. खरं तर क्लासला एक फोन करून सोमवारची वेळ मागता आली असती. मी मागितली नाही.

"मग सर, एवढं करा," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं तिला भेटा. होस्टेलच्या बाईला मी फोन करून ठेवते. आई पुढच्या शनिवारी नक्की येणार हाय, आन् न्हाई जमलं तर सरळ घरी ये, कुणी काही म्हणणार न्हाई, एवढं तोंडानं सांगा. फोनवर सांगितलं तर तिला खरं न्हाई वाटत."

मी म्हणालो, "अहो, हे काय सांगायला पाहिजे?" त्यांनी रजिस्टर ओढलं आणि ते वाक्य लिहिलं.

क्लासमध्ये रांग होती, पण साडेचारला आमचं सगळं आटोपलं. मॅडमच्या लेकीचं होस्टेल दोन गल्ल्या पलीकडे होतं. माझ्या मुलीला तहान लागली म्हणून आम्ही उसाचा रस घेतला. मग तिच्या राहण्याची सोय बघायला निघालो, आणि जिथं जाईन तिथं "मुलींची जागा भरली" हेच ऐकू आलं. मी चिडत होतो, घामाघूम होत होतो. अशात पाचच्या सुमारास मॅडमचा फोन आला.

"भेटली का सर?"

"भेटली. बरी आहे," मी म्हणालो. "सांगितलं सगळं."

मनात असं होतं, की आता दहा मिनिटांत जाणारच आहोत, आधी सांगितलं काय आणि नंतर सांगितलं काय. त्या म्हणाल्या, "लई बरं झालं, सर." आवाज एकदम हलका झाला होता. मग आणखी एक होस्टेल बघितलं, आणखी एक बघितलं. घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वासहा झाले होते. भेटायची वेळ संपली होती.

त्याच वेळी नांदेडला वेगळंच घडत होतं. मॅडम पहाटे साडेपाचपासून खोलीत होत्या. उड्डाणाचा आराखडा तयार करताना त्यांनी हवामानाचा आदल्या दिवशीचा कागद जोडला. आदल्या दिवशी मुंबईचं आभाळ मोकळं होतं. त्या दिवशी ढग खाली आले होते आणि पर्यायी विमानतळ असलेलं औरंगाबादही खराब होतं, म्हणजे हैदराबादपर्यंत पुरेल इतकं इंधन हवं होतं. बाराव्या तासाला कालची आणि आजची तारीख डोळ्यांना सारखीच दिसते. हे मला माहीत आहे, कारण मीही एकदा ते केलं होतं आणि ते मॅडमनीच पकडून गुपचूप दुरुस्त केलं होतं. या वेळी पकडायला दुसरं माणूस खोलीत नव्हतं. वैमानिकानं पकडलं. विमान तासभर उशिरा गेलं, सुखरूप उतरलं, आणि वैमानिकानं नियमाप्रमाणे लेखी कळवलं. त्याचं काही चुकलं नाही.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. त्यांनी मला एकच कामाचा प्रश्न विचारला. दुपारची ड्युटी तुमची होती, मग त्या तिथं कशा?

"मला रजा हवी होती. त्या स्वतःहून थांबते म्हणाल्या," मी सांगितलं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. वाक्य तिथं होतंच, मॅडमच्या अक्षरात. मॅडमना आत बोलावलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होतो. त्या सगळं सांगतील, याची मला खात्री होती. सांगितलं असतं तर माझीही सही करायची परवानगी गेली असती. पाच मिनिटांत त्या बाहेर आल्या. साहेबांनी नंतर मला चहा पाजला आणि म्हणाले, "बाई सरळ आहेत. माझीच चूक म्हणाल्या."

त्यांची परवानगी काढून घेतली. परवानगी नाही म्हणजे ते काम नाही, आणि दुसरं काम कंपनीकडे नव्हतं. त्यांची मुलगी त्या रविवारीच बॅग घेऊन एकटी घरी आली होती, हे मला नंतर कळलं. म्हणजे तिला कुणीही भेटायला आलं नव्हतं, हे मॅडमना चौकशीच्या आधीपासून माहीत होतं. तरीही त्या माझ्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या. त्या का बोलल्या नाहीत, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजही विचारता येणार नाही.

ओळखपत्र परत करायला त्या आल्या तेव्हा मी खोलीत एकटाच होतो. खिडकीकडे तोंड करून फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. त्या शांतपणे थांबल्या. शेवटी मला वळावंच लागलं.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"घरी हाय. जेवते आता." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या लेकीला होस्टेल भेटलं का सर?"

"नाही अजून. सगळीकडे भरलंय."

"आमचीची खाट मोकळी झाली हाय. खिडकीपाशी हाय, हवा येते. बाई आजच दुसरीला देऊन राहिली होती, मी थांबवलं तिला. तुमच्या लेकीसाठी सांगू का?"

नाही म्हणायचं होतं. निदान तिथं तरी सगळं कबूल करायचं होतं. पण क्लास येत्या सोमवारी सुरू होणार होता.

मी म्हणालो, "सांगा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. माझी मुलगी पुढची दोन वर्षं त्या खाटेवर झोपली, आणि मी दर शनिवारी चार वाजता तिला भेटायला जात राहिलो.