आराकानहून आणलेले पाणी

“सांडपाणी म्हणू नका, पुरावा म्हणा,” असे म्हणत आमचे नवे मास्तर टेबलावरची बाटली दोन बोटांनी हळूच आपल्याकडे ओढून घेत.

युद्धात ब्रह्मदेशातून निघालेल्या लोकांनी दागिने आणले, भांडी आणली. या गृहस्थांनी आराकानच्या किनाऱ्यावरील तेलविहिरींचे गढूळ पाणी आणले आणि ते घेऊनच ते जबलपूरला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले.

“मास्तर, गंगाजल सोडून हे काहून आणलं?” शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारले.

“गंगाजलाने मासे मरत नाहीत.”

आपणही अशी माणसे पाहिली असतील. ती हसवतात आणि मग स्वतःचेच म्हणणे ऐकवतात. तेलाबरोबर विहिरीतून खारे पाणी येते. तिथले तेलकंपनीचे साहेब ते ओढ्यात सोडत आणि ओढा खाडीला मिळे. खाऱ्यात खारे मिसळले तर काय बिघडले, असा साहेबांचा सवाल. त्यावर मास्तर वर्गात उत्तर देत, “खाडीचा मासा भरती-ओहोटी दोन्ही सोसतो. मीठ त्याला मारत नाही. कल्ल्यांवर तेल बसलं, की तो पाण्यात असून गुदमरतो.” सांगताना गळ्याशी दोन्ही पंजे पंख्यासारखे उघडत, मिटत, आणि मुले नकळत श्वास रोखत.

मत्स्यवर्ग हा माझा पाठ. कितीतरी वर्षे मी तो आकृत्यांसह, नेटका शिकवला होता. समुद्र मात्र पाहिला नव्हता. हेडमास्तरांनी तो पाठ त्यांना दिला आणि मला विचारले, “वाईट तर नाही वाटून राहिलं ना?”

“नाही जी.”

शेजारच्या वर्गात हशा पिकला, की माझ्या हातातला खडू मोडे.

एका रविवारी नर्मदेच्या ग्वारीघाटावर मुलांना घेऊन गेलो असताना ते मला म्हणाले, “तुम्हाला नर्मदेचे जिवंत मासे ओळखता येतात. मी ओळखतो ते सगळे मेलेले.”   त्यांना इतक्या साधेपणाने बोलता येते याचाही मला हेवा वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी समुद्रकिनाऱ्याकडे नोकरी धरली. “इथले मासे फार सुखी आहेत,” एवढेच कारण त्यांनी दिले.

पाठ माझ्याकडे परत आला. मी फळ्यावर मासा काढला, कल्ले दाखवले आणि शंका विचारायला सांगितले.  एका मुलाने हात वर केला.

“सर, ते मास्तर आता कोणत्या खाडीवर असतील?”

मी फळ्याकडे वळलो आणि माशाचे खवले काढत राहिलो.