वाकड्या खोक्याचं माप

काकूच्या घरात पोतंभर तांदूळ होते आणि त्यातला एक दाणाही शिजवायचा नव्हता. त्यांना सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास लागलेला. कुणी नवखं माणूस पोतं बघून म्हणायचं, "बराच साठा केलाय." त्यावर काकू म्हणायची, "आमच्याकडे लाकडी पाहुणे जेवतात."

काका स्पीकरची खोकी बनवायचा. सरळ चौकोनी खोकं कुणीही बनवतं; लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार केला की आत किती जागा आहे ते कळतं. काकाकडे यायची ती वाकडी कामं. गाडीच्या डिकीत चाकाच्या फुगवट्याला टेकून बसणारं, नाहीतर उतरत्या छताखाली घुसवायचं. तिथे गुणाकार चालत नाही. मग खोकं पाठीवर झोपवायचं, स्पीकरच्या भोकातून तांदूळ काठोकाठ भरायचे आणि लिटरच्या मापाने पुन्हा उपसून काढायचे. जितकी मापं निघतील तितकी आतली जागा. स्पीकर स्वतः जेवढी जागा अडवणार तेवढी वजा करून काका आत बसवायच्या पाइपची लांबी ठरवायचा. पाइप बरोबर असला की खालचा आवाज खोल आणि भरीव येतो. चुकला की नुसती ढबढब.

काकाचे गुडघे गेल्यापासून भरणं-उपसणं काकूकडे आलं होतं. काका खुर्चीतून बजावायचा, "नुसतं ओतायचं. ठोकायचं नाही. ठोकलं की दाणे दबतात, जास्त मावतात आणि आकडा खोटा येतो. उपसताना मापावर पट्टी फिरवायची."

"संसारात इतकं मोजूनमापून वागला असतात तर," काकू म्हणायची. ते मात्र त्याला ऐकू यायचं नाही.

दुकानाची जागा सुटली तेव्हा करवत आणि फळ्या पुढच्या खोलीत आल्या, तात्पुरत्या म्हणून. भटाला दिली ओसरी, तसं झालं. घर दोनच खोल्यांचं. काकू स्वयंपाकघरात जेवायची आणि तिथेच ओट्याखाली पाय घालून झोपायची. तिची आई भावाकडे होती. भावजयीने म्हातारीची खाट व्हरांड्यात टाकली होती, चपलांच्या कपाटाला लागून. जाणारायेणारा तिच्या उशाशी वाकून बूट काढायचा. काकू भेटून आली की विचारायची, "अहो, आईला इथे आणू का?"

"आण की. ठेवणार कुठे, खोक्यात?" काका स्वतःच्या विनोदावर हसायचा. मग म्हणायचा, "हातातलं काम होऊ दे, मग बघू."

हातातलं काम कधी संपायचंच नाही.

मग एका सभागृहवाल्याचं काम आलं. मंचाच्या कोपऱ्यात बसवायचं पाच बाजूंचं खोकं, त्यातली एक बाजू गोलसर. त्याची आणखीही सभागृहं होती. हा नमुना पसंत पडला की सगळी कामं काकालाच मिळणार होती. काका खुशीत होता. म्हणाला, "मधली भिंत पाडून टाकू. तुझा स्वयंपाक मागच्या गॅलरीत होईल, काय हरकत आहे?"

"आणि आई?"

"अगं, तिला तिथे काय कमी आहे? डोक्यावर छप्पर आहे."

दुपारी काका पॉलिश आणायला बाहेर गेला तेव्हा काकू खोकं भरायला बसली. भरताना तिने बाजूंवर तळहाताने थोपटलं, मुलाला झोपवताना थोपटतात तसं. दाणे खाली बसले की वर आणखी ओतले. उपसताना माप बोटभर रिकामं ठेवलं.

संध्याकाळी आकडा ऐकून काका म्हणाला, "एवढं? मला तर लहान वाटलं होतं."

"गोल बाजू आहे ना. डोळ्याला कळत नाही."

त्याला ते पटलं. मोठं खोकं म्हणून त्याने पाइप आखूड कापला.

सभागृहात खोकं लागलं आणि पहिल्याच कार्यक्रमात ढबढब सुरू झाली. सभागृहवाला म्हणाला, "मिस्त्री, आत कुणाला कोंडलंय का? दार ठोकतोय तो." सगळे हसले. काका दुरुस्त करून देतो म्हणाला, पण सभागृहवाल्याने ऐकलं नाही. पुढची कामं एका कारखान्याकडे गेली.

काकाने हातपाय गाळले. आपलं डोकं आता चालत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. महिन्याभरात करवत विकली, फळ्या गेल्या. काकूने पुढची खोली घासून धुतली, भिंतीवरचा भुसा झाडला, खिडकीशी खाट टाकून तिच्यावर धुतलेली चादर घातली. आत हात धुऊन ते पुसत बाहेर आली तर काका खाटेवर आडवा झाला होता.

"उद्या आईला आणते," ती म्हणाली.

"आता मी दिवसभर रिकामाच. म्हातारी इथे पडणार, तर मी काय चुलीशी बसू?" आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मी भेटायला गेले तेव्हा तो त्याच खाटेवर होता. मला म्हणाला, "गणित माझंच चुकलं. मापात हिने कधी दाण्याचा फरक केला नाही." त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काकूचं कौतुक करताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. काकू चहाचे कप घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले तेव्हा कप विसळता विसळता तिने मला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक काकाला," मी म्हणाले.

"सांगितलं तर उद्या उठेल आणि फळ्या घेऊन येईल. त्याला वाटेल, माझं डोकं शाबूत आहे." तिने नळ बंद केला. "नाही सांगितलं तर असाच लोळत राहील. काहीही केलं तरी आई चपलांपाशीच."

बाहेरून हाक आली, "अगं, त्या दिवशीचं माप नक्की बरोबर होतं ना?"

"रोज विचारतो," काकू मला म्हणाली आणि आवाज चढवून उत्तरली, "बरोबर होतं हो."