वनभोजनाचं पीठ

परात आंब्याच्या बुंध्याशी ठेवली होती. पितळेची, मोठी, पाटलांच्या घरची. आम्ही चौथीची पोरं ओळीनं पुढं सरकत होतो आणि जो तो घरून आणलेलं पीठ तिच्यात ओतत होता. पीठ पडलं की गुरुजी हातानं ते सारखं करायचे. माझी पाळी आली. मी गठुडं सोडलं, फडक्याची टोकं धरली आणि वाकले.

"थांब," गुरुजी म्हणाले. "तुझं तिकडं ठेव. त्या दगडावर."

मला वाटलं परात भरली. मी आत बघितलं. निम्मीसुद्धा भरली नव्हती. माझ्या मागं पाटलांची सुनंदा उभी होती. ती पुढं झाली. तिचं पीठ पडलं. गुरुजींनी ते सारखं केलं.

मी दगडापाशी गेले. फडक्याला पुन्हा गाठ मारली. गाठ नीट बसेना. हातांना काय करावं तेच कळत नव्हतं. सगळी पोरं माझ्या पाठीकडं बघत होती. पाठीला डोळे नसतात म्हणतात. त्या दिवशी मला पाठीनं सगळं दिसलं.

आम्ही मांग. गाव कृष्णेच्या काठचं, वाईपासून चालत जाण्याच्या टप्प्यात. माझे वडील, आबा, केकताडाच्या वाखाचे दोर वळायचे आणि लग्नाकार्यात हलगी वाजवायचे. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. दिवाळीत गावातल्या बाया त्याच केरसुणीला हळदकुंकू लावून लक्ष्मी म्हणायच्या. केरसुणी पाटावर, आणि ती बांधणारी उंबऱ्याच्या बाहेर, पदर पसरून. वरून ज्वारी पडायची. पदरापेक्षा भुईवर जास्त. ती आई एक एक करून वेचायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. गावातल्या घरांत ज्वारी-गहू आला, पण आमच्या घरात रेशनचा मिलो काही सरला नाही. लाल मिलो, अमेरिकेतनं आलेली जाडीभरडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची, खाताना घशाला ओरखडे काढायची. आदल्या वर्षी शाळेचं वनभोजन झालं तेव्हा मी घरीच राहिले. गव्हाचं पीठ आणा असं सांगितलं होतं आणि आमच्याकडं गहू कुठला. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, मला ताप आला होता.

या वर्षी आईनं आधीपासूनच मनावर घेतलं. पाटलांच्या खळ्यावर गव्हाची मळणी झाली, तेव्हा ती राबायला गेली आणि खळ्याच्या तळाचं मातेरं मागून आणलं. मातेरं म्हणजे निम्मी माती, निम्मे खडे, त्यात लपलेले गहू. ते तिनं पाखडलं, नदीवर धुतलं, वाळवलं, पुन्हा निवडलं. जात्यावर दळलं. आणि लुगड्याच्या पदरातनं चाळलं, दोनदा.

"मिलोचं पीठ दिलं आसतं, पर ते परातीत लाल दिसंल," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पांढऱ्यात आपलं तेवढं लाल. पोरं हसत्याल. ह्यो गहू हाय. एकदा मिसाळला की कोण वळखंल कुणाचा कुठला?"

आबा कोपऱ्यात दोर वळत होते. ते म्हणाले, "लय मनाला लावून घिऊ नगंस." आईनं ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही.

कारण आठवडाभर गुरुजी वर्गात दुसरं काही बोललेच नव्हते. गुरुजी वाईहून सायकलवर यायचे. स्वच्छ धोतर, काळी टोपी, अक्षर मोत्यासारखं. ते म्हणाले होते, पोहणं पुस्तकातनं येत नाही आणि स्वयंपाकही येत नाही. हातानं केलं की डोक्यात राहतं. वनभोजनात तुम्ही पीठ मापट्यानं मोजायचं, शेराचा हिशेब करायचा, एवढ्या पिठाच्या पोळ्या किती ते आधी सांगायचं आणि मग लाटून बघायचं. चूल कशी पेटते, वारा कुठून येतो, पाणी कधी उकळतं, सगळं करून बघायचं. प्रत्येकाला काम मिळेल, असं त्यांनी सांगितलं होतं.

मला मळायचं होतं. मी मनात ठरवूनच टाकलं होतं. माझी जोडीदारीण शालन, सुताराची, तिला मी सांगितलंसुद्धा, मी मळणार, तू लाट. ती म्हणाली, "बरं, पर माझ्या पोळ्या गोल हुत न्हाईत." आम्ही दोघी हसलो होतो.

तर पीठ दगडावर ठेवून मी परत आले तेव्हा कामांची वाटणी चालली होती. सुनंदा आणि तिच्या बरोबरीच्या पोरींकडं कणीक मळायचं काम. शालनकडं लाटायचं. पोरांकडं चूल, पाणी, वांगी चिरणं. मी उभी. गुरुजींनी झाडाला टेकवलेली केरसुणी दाखवली.

"तू झाड. पंगतीची जागा झाडून घे. जेवणं झाली की पत्रावळी उचल." मग पोरांकडं बघून म्हणाले, "ज्याचं काम त्यानं केलं की काम चोख होतं. हिला शिकवावं लागणार नाही. घरीच शिकलीय."

पोरं हसली. गुरुजींनी विनोद केला की हसायचं असतं, तशी. शालनही हसली. मग तिनं मान खाली घातली आणि लाटणं पुसत बसली.

ती केरसुणी माझ्या आईनं बांधलेली होती. मुठीची वीण बघून मला कळलं.

मी झाडलं. हे मला लिहायलाच पाहिजे. मी नाही म्हणाले नाही, रडले नाही, पळून गेले नाही. मी झाडलं, आणि चांगलं झाडलं. वाळलेली पानं, मोहराचा कचरा, शेळ्यांच्या लेंड्या. एका पोरानं हाक मारली, "ए, हिकडं ऱ्हायलं बघ," आणि मी तिकडंही झाडलं. मला वाटत होतं, चांगलं झाडलं तर गुरुजी म्हणतील, ये आता मळायला. आंब्याला मोहर आला होता, वास सुटला होता.

पंगत बसली. मी ओळीच्या टोकाला बसायला गेले तर गुरुजींनी हातानंच आणखी लांब दाखवलं. दगडाजवळ. माझं गठुडं होतं तिथं. माझ्या पत्रावळीत पोळी वरून पडली. भाजी वरून पडली. शेवटी गूळ. आणि मी खाल्लं. मातेऱ्यातनं निवडलेल्या गव्हाचं पीठ शेजारी बांधून ठेवलेलं, आणि मी त्यांच्या गव्हाची पोळी खाल्ली. भूक होती. घरात मिलो होता. गुरुजींनी लांबून विचारलं, "कसं झालंय गं?" मी म्हणाले, "ग्वाड झालंय."

झाडल्याची लाज एक. पण हे जे मी "ग्वाड झालंय" म्हणाले, त्याची लाज लय मोठी. कितीतरी वर्षं आंधोळ करताना, दळताना, पुस्तक वाचताना ते शब्द मधेच आठवायचे आणि मी एकटीच जीभ चावायची.

जेवणं उरकली. पोरं नदीकडं हात धुवायला पळाली. पत्रावळी पडून होत्या, ओळीनं. उष्टं, भाजीची सालं, माश्या. गुरुजींनी विड्याचं पान लावलं आणि म्हणाले, "चल, आवर लवकर."

मी माझी पत्रावळ उचलली. झाडीत लांब टाकून आले. शालनच्या पत्रावळीपाशी आले आणि वाकले. तिनं पोळीचा वेडावाकडा तुकडा तसाच टाकला होता. तिच्या हातची होती ती पोळी, गोल न झालेली. मी वाकलेली सरळ झाले. का झाले ते मला आजही धड सांगता येणार नाही. एवढंच कळलं की ही उचलली तर उद्याही उचलायची. परवाही. म्हातारी होईपर्यंत.

मी खाली बसले. फतकल मारून.

"काय झालं?"

"माझी म्या उचलली."

"आणि बाकीच्या?"

"ज्याची त्यानं उचलावी."

आवाज मोठा नव्हता. पण हात धुऊन आलेली पोरं थबकली. गुरुजी उठून जवळ आले. शिवाशिव होईल एवढे नाही. त्यांच्या हातात छडी होती. मारली नाही. मला वाटतं, मारताना छडी माझ्या अंगाला लागली असती, म्हणून. ते म्हणाले, "उद्यापासून शाळेत पाऊल टाकायचं नाही. माजलीस."

आमराई दुसऱ्याची होती, तशीच उष्टी सोडून जाता येणार नव्हतं. शेवटी पोरांनी आपापली पत्रावळ उचलली. सुनंदानं दोन बोटांनी, नाक मुरडून. कुणी हसलं नाही. घरी येताना मी सगळ्यांच्या मागं चालत होते आणि कुणी वळून बघितलं नाही.

आईनं गठुडं बघितलं आणि आधी तिला वाटलं, पीठ उरलं. "का गं, पोरं कमी आली व्हय?" मी सगळं सांगितलं. झाडलं तेही सांगितलं. खाल्लं तेही. आईनं फडकं सोडलं. पीठ पांढरंशुभ्र होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"मला वाटलं, रंगाचं हाय," ती म्हणाली.

एवढंच. पुन्हा त्यावर ती कधी बोलली नाही. पण तिचं तोंड मी बघितलं होतं. पोरीला कुणी हसू नये म्हणून जी बाई नदीवर माती धूत बसली, तिला त्या घटकेला कळलं की धुण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आबा घाबरले. गावात ऱ्हायाचंय आपल्याला, म्हणाले. सकाळी मी जातो, गुरुजींच्या पाया पडतो, पोर चुकली म्हणतो. आई म्हणाली, "तुमी तुमचा दोर वळा. म्या जाती."

सकाळी तिनं मला शाळेत नेलं. वर्ग भरला होता. आई पायरीच्या खाली थांबली. गुरुजी दारात आले आणि म्हणाले, तुझी मुलगी उद्धट आहे.

"आसू द्या," आई म्हणाली. "आवं गुरुजी, शाळा झाडायची आसंल तर मला सांगा. मजुरी ठरवा, म्या यीन. पोरगी झाडणार न्हाई. ती शिकाय आलीया."

तिच्या लुगड्याचा काठ हलत होता, मी खालून बघत होते. बाहेर रस्त्यानं माणसं जात होती, ती थांबून बघायला लागली होती. गुरुजी आत वळले. "बस," म्हणाले, कुणाला ते न सांगता.

माझी जागा दाराशी होती, चपला काढतात तिथं. त्या दिवशी मी दाराशी बसले नाही. आत गेले, तरटपट्टीवर, शालनच्या शेजारी. शालन सरकली. जवळ नाही, लांब. सरकू दे म्हणाले मनात.

वर्ष संपेपर्यंत गुरुजींनी माझी पाटी तपासली नाही. फळ्यावरचं उत्तर बघून माझी मीच तपासली. चौथी झाले. वाईच्या हायस्कुलात चालत गेले. साताऱ्याला मागासवर्गीयांच्या वसतिगृहात राहून कॉलेज केलं. निकाल लागला तेव्हा गावानं सत्कार ठेवला. गुरुजी तोवर रिटायर झाले होते. स्टेजवर बसले होते. भाषणात म्हणाले, या मुलीला मी घडवलं. टाळ्या पडल्या. आबांनी खालून मला खूण केली, पाया पड.

मी पडले नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "मला माझ्या आईनं शाळेत बसवलं." आणि खाली बसले. पुष्कळांना ते आवडलं नाही. आबांनासुद्धा नाही.

लाज अजून गेलेली नाही. ती माझी नव्हती, मला दिलेली होती, हे पुस्तकांनी समजावलं. समजलं. तरी गेली नाही. गुरुजींना मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. वारले तेव्हा निरोप आला. मी गेले नाही.

मी बी.ए. झाले, आमच्या वस्तीतली पहिली. माझ्या पाठच्या दोन्ही बहिणी त्याच शाळेत शिकल्या. दोघींच्या हातात तिथं कुणी केरसुणी दिली नाही.