गच्चीवरची बादली

बाळांनो, घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला, आणि त्यात एक लांब पारदर्शक नळी निघाली. तुमच्या बाबाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "आई, टाकून दे ते सगळं." टाकण्याआधी तुम्हाला सांगून ठेवते. तो आपणहून सांगणार नाही.

तुमचे आजोबा कालव्यांच्या कामावर होते. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली ही नळी. दिवाळी जवळ आली की ते निफाडकडून येताना पोतंभर काळी माती आणत आणि बापलेक अंगणात किल्ला करायला बसत. बुरूज, पायऱ्या, उतारावर पेरलेले अळीव, मातीचे मावळे, हे सगळं गल्लीतल्या प्रत्येक घरी असे. आमच्याकडे शिवाय कारंजं असे. नळीच्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवायचा आणि दुसरं टोक पाण्याच्या बादलीत.

पहिल्या वर्षी आजोबांनी बादली मुद्दाम जमिनीवरच ठेवली. कारंजं उडेना. तुमचा बाबा तेव्हा दुसरीत होता, रडवेला झाला.

"बाबा, बिघडलंय हे."

"बिघडलं नाही. पाण्याला काय हवंय ते बघ."

ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. दुपारभर खटपट करून त्याने बादली स्टुलावर चढवली आणि चार बोटं पाणी उडालं. पुढे दर दिवाळीला बादली वर सरकत गेली. खिडकीत, जिन्यात, शेवटी गच्चीवर. आजोबा वर नळीत पाणी ओढून देत, हा खाली नळी दुमडून धरी. वरून हाक आली, "सोड रे," की सोडायची. त्याआधी कारंजं कुठवर जाईल याचा अंदाज दोघांनी सांगायचा, असा नियम होता.

गच्चीच्या पहिल्या वर्षी दोघांचेही अंदाज चुकले. रिफिल उडून गेली, बुरूज ढासळला आणि मावळे वाहत शेजारच्या काकूंच्या रांगोळीत गेले. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय हो भाऊजी, सरकारी कालवेही असेच बांधता का?" आजोबा हसत खाली आले आणि बापलेकांनी मिळून त्यांचं अंगण पुसून दिलं.

मग तुमचा बाबा शिकायला तिकडे परदेशात गेला. त्या दिवाळीत आजोबांनी एकट्याने किल्ला केला. बादली गच्चीवर भरून ठेवली, नळी खाली सोडली. मी म्हटलं, "तुम्ही वर जा, मी धरते खाली."

"थांब. त्याचा फोन येऊ दे. अंदाज सांगेल."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन आला.

"अरे, कारंजं लावलंय. कुठवर जाईल, सांग बरं."

तिकडे सकाळ होती. "बाबा, मी निघालोय, उशीर होतोय. नंतर करतो फोन."

"बरं बरं. सावकाश जा," म्हणून आजोबांनी रिसीव्हर ठेवला आणि टेलिफोनजवळच बसून राहिले. भाऊबीज झाली. बादलीत पाकोळ्या पडल्या होत्या. मीच ते पाणी कुंड्यांना घातलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी माती आणली नाही, मीही विषय काढला नाही. त्यानंतर त्यांना फार दिवाळ्या मिळाल्या नाहीत.

तुमच्या बाबाला वेळ नसतो, हे मला कळतं. तिकडे अंगण नाही, माती नाही, असंही तो म्हणतो. पण बादली आणि जिना तुमच्याकडे असेलच. अंदाज मात्र आधी त्याला विचारा.

काल मी नळी धुतली. पिवळी पडली आहे, एका टोकाला चिरली होती, तेवढं कापून टाकलं. बादली खुर्चीवर ठेवून पाहिली. पाणी येतं.