सुभाषने मोकळी सोडलेली ओळ

मंदाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला पितळी समई दाखवत होते. शेगावात मंदिराच्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि गुरुवारी तिथं मान वर करायला फुरसत नसते. मंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सुभाषची बायको. एरवी तिचा फोन 'ताई, जेवन झालं काय' इथून सुरू होतो. त्या दिवशी ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही या. वावरातून आनलं त्याईले." 'आले' न म्हणता 'आनलं' म्हणाली, तिथंच मला कळायला हवं होतं. पण माहेरचा, जानेफळचा रस्ता लागेपर्यंत मी यजमानांना एकच सांगत होते, की त्याला पित्ताचा त्रास आहे, उन्हानं भोवळ आली असेल, दुसरं काही नसेल. हृदयविकाराचा झटका होता. नांगरून ठेवलेली जमीन कितपत तापली ते बघायला म्हणून तो सकाळी गेला, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या निंबाखाली बसला आणि बसलेलाच राहिला. शेजारच्या वावरातल्या माणसानं दोनदा हाक मारली, मग जवळ जाऊन पाहिलं.

त्याच्या थोडे दिवस आधीच तो दुकानात येऊन गेला होता. आला की खुर्चीवर बसायचा नाही. फळीवरचे डबे, गडवे, पातेली सरकवत राहायचा. "किती दाटी केली वं ताई! मधात जागा सोड ना, लोकाईले भांडं दिसन तरी." मी म्हणायची, "तुह्या वावरात सोड जागा. इथं भाडं पडते मले." तो हसायचा आणि हात काही थांबवायचा नाही. तो गेला की मी सगळं पुन्हा दाटीनं लावून टाकत असे. आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चालू होतं आणि दोघांनाही ते मिटवायचं नव्हतं.

जागा सोडायचं हे वेड त्याला कुठून लागलं, ते सांगते. आमची शेती जानेफळच्या शिवारात. काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी जमीन. ऐकायला बरं वाटतं, पण श्रावणात झड लागली की याच जमिनीत सोयाबीन पिवळं पडून बसतं. आबा, म्हणजे आमचे वडील, पंचक्रोशीतले नावाजलेले पेरते. तिफणीचे दिवस होते तेव्हा लोक त्यांना पेरणीसाठी घरी बोलवायला येत, कारण त्यांची ओळ वाकडी जात नसे आणि मुख्य म्हणजे सुटत नसे. नळीत माती अडकली आणि बी पडायचं राहिलं, तर उगवल्यावर वावरात एक रिकामी रेघ दिसते. आमच्याकडे पेरणीच्या ओळीला तास म्हणतात, म्हणून 'तास सुटला' असं बोलतात. येणारा जाणारा हंगामभर ती रेघ पाहतो आणि पेरणाऱ्याची टिंगल करतो. आमच्या घरात तर टिंगलीवर भागत नव्हतं. आमच्या आजीची अशी समजूत होती, की ज्या घरचा तास सुटतो त्या घरचं माणूस वर्षाच्या आत जातं. तिनं हे कुठून आणलं होतं देव जाणे. गावात दुसऱ्या कोणाकडे मी ते ऐकलं नाही. पण आबांच्या मनात ते पक्कं बसलं होतं. चुकून तास सुटलेला दिसला, की ते मुठीत बी घेऊन जात आणि बोटानं टोचून टोचून ओळ भरून काढत.

आणि अशा माणसाच्या घरात सुभाष निघाला, ज्याला मुद्दाम तास सोडायचे होते!

तेव्हा त्याची पूनम अंगणवाडीत जात होती. शेतीवर घर चालत होतं, पण ओढूनताणून. माझ्या यजमानांनी त्याच्यासाठी पुण्याकडे एका कारखान्यात बोलून ठेवलं होतं आणि तोही मनानं अर्धा गेलाच होता. त्या उन्हाळ्यात गावात शेतीशाळा भरली. कृषी सहायकानं तिथं पट्टापेर समजावून सांगितली. सहा ओळी पेरायच्या, सातवी मोकळी ठेवायची. पुढं डवरणी, म्हणजे कोळपणी करताना त्या मोकळ्या ओळीत सरी पाडायची. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, पावसानं ओढ दिली तर तीच सरी ओल धरून ठेवते. पिकाला हवा आणि ऊन मिळतं, फवारणीला पाय ठेवायला जागा होते. शेतीशाळेत बसलेल्या बाकीच्यांनी चहा घेतला आणि घरी गेले. सुभाष मात्र घरी येऊन जेवायचं सोडून ताटात भाताच्या ओळी करून आबांना दाखवत बसला. मंदा अजून सांगते, वरण वाहून जायला कशी वाट केली होती ते.

आबांनी बरेच दिवस ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी म्हणाले, "खालचं वावर घे. एक साल करून पाह्य. नाई जमलं तं बिस्तरा बांध अन् जाय पुन्याले." खालचं वावर म्हणजे सगळ्यात जास्त पाणी साचणारं. म्हाताऱ्यानं परीक्षेचा पेपर सोपा काढला नव्हता.

पेरणीच्या दिवशी सुभाषनं ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राच्या मधल्या नळीत चिंधी कोंबली. आठवड्यात पीक वर आलं आणि गावाला विषय मिळाला. पानठेल्यावर कोणी तरी म्हणालंच, "काय आबा, नजर गेली काय? आखं वावर सुटलं तुमचं!" आबांनी तो रस्ता सोडला आणि नाल्याकडून फेरा घालून वावरात जायला लागले. मी आखाडीच्या सणाला माहेरी गेले होते, तेव्हा एक दिवस सकाळी सुभाषबरोबर खालच्या वावरात गेले. पाहते तर मोकळ्या ओळींमध्ये मूग उगवलेला. इथून तिथून सगळ्या ओळींत. आणि पलीकडच्या टोकाला आबा वाकून उरलेली ओळ टोचत होते.

"आबा, मी मुद्दाम सोडले हे तास," सुभाष म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "लोकं हासतात म्हनून भरून राह्यले काय तुम्ही?"

"लोकाईच्या हासन्यानं मले काय होते?" आबांनी बोटांची माती झटकली. "एकच पोरगा हाये बे मले. तुया जिवाले काई झालं तं म्या काय करू?"

मला वाटलं, सुभाष हसेल किंवा चिडेल. तो खाली बसला, आबांच्या हातातली मुगाची पुरचुंडी घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाला, "मले काई होत नाई आबा. पन पान्याले वाट पायजे." दुसऱ्या दिवशी त्यानं डवऱ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडल्या. मूग मातीआड गेला. आबा निंबाखाली बसून बघत होते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं, आणि त्या दिवशी मला भावाचा राग आला हे लपवत नाही.

श्रावणात झड लागली आणि सूर्य दिसेना. गावातल्या वावरांत पाणी तुंबलं. एका दुपारी सुभाषचा फोन आला. "ताई, ऐक," म्हणाला आणि फोन सरीजवळ धरला. "पानी चाल्लं धुऱ्याकडे. आवाज येते काय?" मला नुसती खरखर ऐकू आली, पण मी हो हो म्हटलं, इतका तो खुशीत होता. पुढं शेंगा भरायच्या वेळेला पावसानं दडी मारली, तेव्हा त्याच सऱ्यांत ओल टिकली. सोंगणी, म्हणजे कापणी झाल्यावर नेहमीसारखं पेरलेल्या वरच्या वावराची आणि खालच्या वावराची गंजी शेजारी शेजारी लागली. खालची मोठी होती. आबांनी चार शेंगा फोडून तळहातावर दाणे घेतले आणि एवढंच म्हणाले, "दाना भरला." सुभाषसाठी ते पुष्कळ होतं. पुण्याचा विषय त्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

त्यानंतर सगळंच वावर तसं पेरलं जाऊ लागलं. बी कमी लागू लागलं, फवारणी नीट होऊ लागली, आणि पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून उगवण बघायची, हे काम मंदानं स्वतःकडे घेतलं. तिनं नापास केलेलं बी सुभाष वावरात नेत नसे. घरावरचे टिन जाऊन स्लॅब पडला, पूनम बुलढाण्याला नर्सिंगला गेली. सगळं सुरळीतच झालं असं नाही. एका वर्षी त्यानं कुठं तरी पाहून नांगरणी-वखरणी न करता पेरलं आणि तणानं त्याला चितपट केलं. आबा भेटेल त्याला सांगत, "यंदा आमचं तन मस्त पिकलं!" सुभाषही हसून त्याला दुजोरा देई. त्याला भाषण करता येत नसे. कोणी पट्टापेरीचं विचारलं, की तो वावराकडे हात करी, "जा, मधून चालून या." लोक मोकळ्या ओळीतून चालून येत आणि पुढच्या वर्षी त्यांच्या वावरांतही एक एक ओळ मोकळी दिसे.

आबा? आबांनी विरोध सोडला, असं आम्ही समजत होतो. तिसऱ्या की चौथ्या हंगामात सुभाष मला खुदुखुदु हसत म्हणाला, "ताई, आबा अजून मूग टाकतात. आखा तास नाई भरत. हरेक खाली, रिकाम्या तासाच्या तोंडाशी चार दाने. त्याईले वाटते मले मालूम नाई."

"मंग तू काय करतं?"

"काय करू? डवरा थोडा पुढून लावतो. तेवढे झाडं राहू देतो. म्हाताऱ्याले झोप लागते ना."

भाद्रपदात मंदा त्या शेंगांची उसळ करी. आबा ती खात, सुभाष खाई, आणि आपण तर मूग पेरलाच नव्हता, हा कुठून आला, असं दोघांपैकी एकानंही कधी विचारलं नाही. या दोघांना एकमेकांची काळजी कळत होती आणि ती तोंडानं बोलायची त्यांना लाज वाटत होती. मला त्या उसळीची अजून आठवण येते.

सुभाष गेल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. त्यात आमची एक लांबची आत्या आली होती. रडून झाल्यावर तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "म्हातारी सांगून गेलती ना… हा तं दरसाल तास खाली सोडत होता." मंदा तिच्यासाठी पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं तांब्या ठेवला आणि आत गेली. मी आत्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मंदानं ऐकायचं ते ऐकलं होतं. पुढं पूनम बुलढाण्याला परत गेली, तशी मंदा तिला रोज दोन वेळा फोन करू लागली.

पेरणीजोगा पाऊस झाला तशी मी दुकान बंद ठेवून गावी गेले. दरवर्षी येणारा ट्रॅक्टरवाला आला, बी भरलं, आणि सवयीनं मधल्या नळीशी वाकला. मंदा म्हणाली, "राहू द्या दादा. यंदा सारे तास भरून पेरा." तो माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. आबा काठी टेकत पुढं आले.

"काऊन, सूनबाई?"

"आबा, मले भेव वाटते. पूनम एकच हाये मले."

आबा तिच्याकडे बघत राहिले. आपलंच बोलणं इतक्या वर्षांनी ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "एक सांगू?" ते म्हणाले. "तास खाली नव्हताच. एकही साल नव्हता. म्या दरसाल मूग टाकत होतो, हरेक तासाच्या तोंडाशी. एक तास चुकू देल्ला नाई… तरी गेला ना तो."

मंदा तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडली. तो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले. आबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची कड दातांनी धरून फाडली आणि मधल्या नळीत स्वतः कोंबली. वेळ लागला, ट्रॅक्टरवाल्यानं पुढं केलेला हात त्यांनी बाजूला केला. "पेर," म्हणाले. "तो पेरत होता तसं."

परवा मंदाला फोन केला. पीक चांगलं उगवलंय म्हणाली, ओळी सरळ दिसतात, डवरणी पुढच्या आठवड्यात. मी विचारलं, "अन् मूग?"

"कोठीच नाई, ताई," ती म्हणाली. "मी हरेक तासाच्या तोंडाशी जाऊन पाह्यलं. आबा रोज येतात, धुऱ्यावर बसतात, पाह्यतात अन् घरी जातात. मुठीत काई आनत नाई."